पानडब्याला वेगळा सेल

जैनाच्या घरात संध्याकाळ फार लांब असते. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली, भांडी घासून पालथी घातलेली, ओटा पुसून कोरडा. शाहूपुरीतल्या आमच्या शेजाऱ्यांकडं तेव्हा कुठं कांदा चिरायला घेतलेला असायचा, फोडणीचा ठसका गल्लीभर व्हायचा, आणि आम्ही मात्र मुगाची आमटी, ताकभात खाऊन हात धुऊन बसलेले. वरून गुळाचा खडा. गुळाला तोटा नव्हता. आप्पांची, म्हणजे वडिलांची, गुळाची अडत होती. त्यांच्या सदऱ्याला, उशीला, पंचांगाच्या पानांनासुद्धा गुळाचा वास यायचा. मला तो वास अजून सहन होत नाही आणि अजून हवासा वाटतो. जेवण झालं की आप्पा पुढच्या खोलीत पाय पसरून बसायचे, आणि अव्वा जपमाळ घेऊन देवघरापाशी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर चिकोडीकडचं, तो कानडी शब्द तिनं सासरी येताना बरोबर आणला होता. थोरला भाऊ अण्णा शिडीनं माळ्यावर जायचा, आणि त्याच्यामागनं मी. बाकी करायला होतं काय?

अण्णा पॉलिटेक्निकला शिकत होता. रेडिओ खोलायचा आणि परत जोडायचा हा त्याचा नाद, आणि गिटार हा त्याहून मोठा नाद. गिटार कलकत्त्याच्या बनावटीची, कुणाकडनं तरी जुनी घेतलेली. तिचा आवाज मोठा करायला आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ. पण त्याला हवा होता तो आवाज त्यात नव्हता. सिनेमाच्या गाण्यात मध्येच गिटार कशी फाटक्या आवाजात ओरडते आणि तरी गोड वाटते, तो आवाज. त्यासाठी परदेशात पायानं दाबायच्या पेट्या, म्हणजे पेडल, मिळतात असं त्यानं वाचलं होतं. कोल्हापुरात कोण देणार? मग एके दिवशी अव्वानं दुपारच्या गाण्यांसाठी स्वयंपाकघरातला ट्रान्झिस्टर लावला तर आत नुसती पोकळी. त्यातले आवाज वाढवणारे दोन जुने बारके भाग, त्यांनाही ट्रान्झिस्टरच म्हणतात, ते अण्णानं काढून आजोबांच्या पितळी पानडब्यात बसवले होते. वर पायानं दाबायचं बटण, दोन बाजूंना वायरी खुपसायची भोकं, आणि मागं पट्टीखाली चौकोनी नऊ व्होल्टचा सेल. झाकणाच्या कडेनं त्यानं सोल्डर फिरवून डबा कायमचा बंद करून टाकला. कितीही पुसला तरी त्या डब्याला काताचा वास यायचा. अण्णानं बटण दाबून तार छेडली तसा रेडिओतून असा घूंऽऽ आवाज आला की अव्वा माळ हातात घेऊन शिडीच्या तळाशी येऊन उभी राहिली.

"माझा रेडिओ मारलास आणि ह्या डब्यात माश्या कोंडल्यास व्हय रे?" ती म्हणाली. "मधमाश्याच हायत की त्या. पाप लागंल."

"माश्या न्हाईत अव्वा, नुसती वीज हाय."

"विजंत बी जीव असतोय. महाराज सांगत्यात."

"मग हळू वाजवतो," अण्णा म्हणाला आणि आणखी मोठ्यानं वाजवलं.

मला त्यानंच शिकवलं. आधी त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे होते, मग माझ्याही पडले. अव्वा माझी बोटं बघून म्हणायची, ह्या पोरीला कोण करून घेणार. (घेतलं करून एकानं, पण ते प्रकरण वेगळं आहे आणि तेवढं मजेदार नाही.) अण्णाची शिस्त कडक. वाजवून झालं की वायर उपटायची, नाही तर सेल उगीच मरतो. डब्याला ओला हात लावायचा नाही. आणि डबा उघडायचा नाही. "आत काय हाय?" मी विचारायची. "काय न्हाय. उघडायला गेलास तर तेबी जाईल," तो म्हणायचा. माझ्याशी तो मुलाशी बोलावं तसंच बोलायचा, उघडायला गेलास, वाजवायला बसलास. आमच्याकडं थोरले भाऊ धाकट्या बहिणींशी लाडानं तसंच बोलतात. नंतर माझ्याशी तसं कुणी बोललं नाही.

मग अण्णा गेला. मेला नाही. मेला असता तर रडता तरी आलं असतं. त्यानं दीक्षा घेतली. त्या साली मुनींच्या संघाचा चातुर्मास शहरात होता. अण्णा आधी कुणा मित्राच्या सोबतीनं प्रवचनाला गेला, मग रोज जायला लागला. त्यानं हिरवी भाजी सोडली, मग मीठ सोडलं, मग एका संध्याकाळी तो माळ्यावर आलाच नाही. मी वर बसून वाट बघत होते आणि तो खाली पोथी वाचत होता. मला कळलं ते तेव्हाच, आईबापांच्या आधी. पुढं सगळं रीतीप्रमाणं झालं. नवरदेवासारखा सजवून त्याची मिरवणूक काढली, हत्ती आणला होता, गावोगावचे लोक आले. मंडपात त्याचे केस मुठीमुठीनं उपटले जात होते, बायका मंगल गाणी म्हणत होत्या, आणि अव्वाला नवं लुगडं नेसवून पहिल्या रांगेत बसवलं होतं. जो येईल तो तिच्या पाया पडून म्हणत होता, धन्य झालात. धन्य झालेल्या बाईला डोळे पुसायची सोय नसते. मी धर्माला नावं ठेवत नाही, त्यानं जे घेतलं ते घेण्याची ताकद माझ्यात नाही हे मला माहीत आहे. पण माझा भाऊ गेला होता आणि लोक मला पेढे देत होते. तेव्हाही राग आला होता, आता लिहितानाही येतोय.

जाण्याआधी त्यानं आपलं सगळं वाटून टाकलं. शर्ट चुलतभावांना, पुस्तकं मित्रांना, गिटार आणि पानडबा मला. त्याला नवं नाव मिळालं. ते मी इथं लिहीत नाही, कारण त्या नावाच्या माणसाची माझी ओळख नाही. तो अजून मुनी नव्हता, त्याच्या आधीच्या पायरीवर, क्षुल्लक. अंगावर लंगोट आणि आखूड उपरणं, हातात मोरपिसांची पिच्छी, सगळीकडं पायी जायचं, दिवसातून एकदाच खायचं, तेही ज्याच्या दारी विधी जुळेल त्याच्याकडं. नातं संपलं. बघायला गेलात तर दुरून हात जोडून 'इच्छामि' म्हणायचं. अण्णा म्हणायचं नाही.

घर एकदम गप्प झालं. पूर्वी मला गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तरी आप्पांना विचारावं लागायचं आणि निम्म्या वेळा ते नाही म्हणायचे. आता ते कशालाच नाही म्हणेनात. काय विचारलं तरी, "जा." मला वाटायचं, एकदा तरी नाही म्हणावं ह्या माणसानं. अव्वाचा एकच ध्यास होता. त्याला एकदा आपल्या हातचं जेवायला घालायचं. संघ जिथं असेल तिथं जाऊन भाविक माणसं चौका लावतात, म्हणजे सोवळ्यात, विहिरीच्या गाळलेल्या पाण्यानं सगळा स्वयंपाक करून दारात कलश-नारळ घेऊन उभं राहतात. महाराज आहाराला निघताना मनात एखादी खूण धरतात आणि ज्या दारात ती दिसेल तिथं विधी जुळला म्हणून थांबतात. अव्वा दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा तो तिच्यासमोरून पुढं गेला. ती घरी येऊन म्हणाली, "विधी जुळला न्हाय." आणि पुन्हा गहू निवडायला बसली.

मी माळ्यावर एकटी वाजवायची. बोलायला कुणी नव्हतं. कॉलेजातल्या मुलींना गिटारीत रस नव्हता आणि मला त्यांच्या साड्यांत. पानडब्याचं बटण दाबलं की तेवढा वेळ कुणीतरी वर आल्यासारखं वाटायचं. त्या डब्याचा आवाज म्हणजे अण्णाचाच आवाज, असं मी धरून चालले होते. वेडेपणा म्हणा, पण दुसरं होतं काय माझ्याकडं? एक दिवस खालून हाक आली. आमच्याच गल्लीतला विलास, अॅकॉर्डियन वाजवायचा, त्यानं नवा ऑर्केस्ट्रा काढला होता. त्याचा गिटारवाला पुण्याला गेला होता.

"रस्त्यानं रोज ऐकतोय मी," तो आप्पांना म्हणाला. "म्हटलं, अण्णा परत आला की काय. ही वाजवती होय? नवरात्रात गारगोटीला कार्यक्रम हाय, काका. माझी थोरली बहीण गाती, तिच्यासंगं येईल जाईल."

आप्पा म्हणाले, "जाऊ दे."

झालं, मी ऑर्केस्ट्रात गेले. विलासकडं एक जपानी पेटी होती, निळी, तळहाताएवढी. ती लावली की सूर पाण्यातून आल्यासारखा हेलकावे खायचा. एका गाण्यात आधी पानडबा आणि त्याच्यापुढं निळी पेटी, दोन्ही एकदम लागायची. अडचण सेलची. चौकोनी सेल कोल्हापुरात मिळायचा एखाद-दुसऱ्या दुकानात, तोही कधीचा पडून असलेला, आणि ऐन गाण्यात मान टाकायचा. मग विलासनं एलिमिनेटर आणला. आताची मुलं त्याला अॅडॅप्टर म्हणतात. भिंतीत खुपसायचा, नऊ व्होल्टवर काटा फिरवायचा, सेलची गरज नाही. आम्ही जुन्या सेलांच्या टोप्या काढून वायरीला जोडल्या, एका वायरीला दोन फाटे केले, एक फाटा पानडब्याला, एक निळ्या पेटीला. लाल लालला, काळी काळीला, दहादा तपासून.

पानडबा एकटा लावला, घूं वाजला. निळी एकटी लावली, हेलकावली. दोघांना फाट्यांवर शेजारी ठेवलं आणि मधली छोटी वायर घातली, म्हणजे एकातून निघालेला सूर दुसरीत जाईल अशी, तर दोन्ही मुकी. एलिमिनेटरला हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला, जळका वास सुटलेला. मधली वायर काढली की दोघं परत जिवंत. घातली की मुकी. मी डोकं धरून बसले. नऊ आणि नऊ, त्यात चुकायचं काय?

आता माझ्याकडं मुलं गिटार शिकायला येतात आणि दर महिन्याला एकजण तरी नवाकोरा अॅडॅप्टर घेऊन येतो आणि विचारतो, मॅडम, हा चालेल ना, नऊ व्होल्टचाच आहे. मी म्हणते, बाळा, नुसतं नऊ बघून लग्न जमवू नकोस. पिनेच्या पोटात वजा आहे का अधिक ते बघ, पेडलला करंट किती लागतो आणि हा देतो किती ते बघ, आणि एकावर चार लावणार असशील तर चौघांच्या वाटा आतून वेगळ्या आहेत का ते विचार. ते माना डोलावतात आणि स्वस्तातला घेऊन येतात. पालथ्या घड्यावर पाणी. पण त्यांना सांगायला मी तरी आहे. आम्हाला सांगणारं कोण होतं?

"डब्यातच खोट हाय," विलास म्हणाला. "एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? आण हिकडं, झाकण तोडू, आतल्या तारा उलट्या करून बघू."

"हात लावायचा न्हाय," मी म्हटलं.

"अगं, मग गारगोटीला काय टाळ्या वाजवून दाखवू?"

"माझा डबा हाय. कुणी उघडायचा न्हाय."

"तुझा न्हाय, अण्णाचा हाय. तो असता तर त्यानंच उघडला असता," विलास म्हणाला. वाईट हेतूनं नाही म्हणाला, पण मी डबा पदराखाली घेऊन उठले आणि वाटेत कुणी दिसलं तर बोलावं लागेल म्हणून मागच्या बोळानं घरी गेले. ते दोन ट्रान्झिस्टर तेव्हाही जुनेच होते, तसे बाजारात मिळायचे बंद झाले होते. कुणी उलट्यासुलट्या तारा करून ते मारले की आवाज संपला. मग माळ्यावर कुणी यायचं नव्हतं. आणि आत काय आहे ते जगात एकाच माणसाला माहीत होतं.

पर्युषण संपल्यावर अव्वा तिसऱ्यांदा चौका लावायला निघाली तेव्हा मी म्हटलं, मी येते. तिला वाटलं पोरीला धर्माची गोडी लागली. संघ तेव्हा हातकणंगल्याच्या पलीकडच्या एका गावात होता. आम्ही दळलेलं पीठ, घरचं तूप, गूळ, पितळेची भांडी असं सगळं पोत्यात भरून एसटीनं गेलो. धर्मशाळेत एक खोली मिळाली. अव्वा लगेच जमीन धुवायला लागली, दुसऱ्या दिवशीच्या चौक्यासाठी. "ह्या बारीला येणार बघ तो," ती म्हणाली. "मला वाटालंय." मी म्हटलं, मी प्रवचनाला जाऊन येते.

मंदिरासमोर मांडव होता. चौरंगावर थोरले महाराज, त्यांच्या खाली बाजूला अण्णा. वाळून गेला होता, डोळे मोठे दिसत होते. बोलायची पाळी आली तेव्हा तो सावकाश, पोथीतलं मराठी बोलला. आत्मा आहे, पुद्गल आहे, बंध आहे. आवाज त्याचाच, पण बोलणं दुसऱ्या कुणाचं तरी. माझ्याकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. पिच्छी धरलेला डावा हात मला दिसत होता. बोटांवरचे घट्टे गेले होते, बोटं लहान मुलासारखी मऊ झाली होती.

प्रवचनानंतर शंका-समाधान असतं. ज्याला जी शंका असेल ती उभं राहून विचारायची. कुणी कंदमुळांचं विचारलं, कुणी पुनर्जन्माचं. मी उठले. आमच्या घराण्याचा आवाज मोठा आहे.

"क्षुल्लकजी, इच्छामि. माझी शंका हाय," मी म्हटलं. "एक पितळी पानडबा हाय. त्याला नऊ व्होल्टचा सेल लागतोय. एक जपानी पेटी हाय, तिलाबी नऊच. दोघं एकएकटी चालत्यात. एका एलिमिनेटरवर जोडून मधली वायर घातली की दोघं मुकी होत्यात. डब्याला झाकण पक्कं हाय. लोक म्हणत्यात फोडून बघू. मी काय करू?"

मागं कुणीतरी हसलं. समाजाचे एक पुढारी, फेटेवाले, उठून माझ्याकडं आले. "बाई, हितं धर्माचं विचारायचं असतंय. कसला डबा आणि कसली पेटी? बसा खाली."

मी बसले नाही. अण्णा पिच्छीकडं बघत होता. थोरल्या महाराजांनी डोळे मिटले होते. आता तो काहीच बोलणार नाही, असं मला वाटलं. मनात म्हटलं, बरं झालं, निदान कळलं तरी, ह्या माणसात आपलं कुणी उरलेलं नाही. आणि मग तो खाली बघूनच बोलला, पण पोथीतलं नाही, माळ्यावरचं.

"त्याची बॉडी पॉझिटिव्ह हाय," तो म्हणाला. "सेलचं अधिक टोक पितळेलाच जोडलंय, जुने ट्रान्झिस्टर तसेच असत्यात. जपानी पेटीची बॉडी निगेटिव्ह असणार. मधली वायर घातलीस की दोन्ही बॉड्या एक होत्यात, शॉर्ट होतंय. दोघांत खोट न्हाय. डब्याला वेगळा सेल ठेव. आणि उघडू नकोस."

एवढंच. पिच्छी उचलून तो उठला आणि आत गेला. उघडू नकोस असं मुलालाही म्हणतात आणि मुलीलाही, पण तो कुणाशी बोलल्यासारखं म्हणाला ह्याचा विचार करायला मला तेव्हा भान नव्हतं. फेटेवाले काका म्हणाले, "झालं समाधान?" मी म्हटलं, "व्हय, झालं."

दुसऱ्या दिवशी अव्वा पहाटेच्याही आधी उठली. विहिरीचं पाणी काढून गाळलं, ओलेत्यानं स्वयंपाक केला. भात, बिनमिठाची मुगाची आमटी, गव्हाची खीर गूळ घालून, आणि त्याला लहानपणी आवडायच्या तशा जाडसर पोळ्या. मग धूतवस्त्र नेसून, कलशावर नारळ ठेवून ती दारात उभी राहिली. मी तिच्या मागं. महाराज निघाले. एकेका दारातून हाका उठल्या, थांबावं, थांबावं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध. थोरले महाराज समोरच्या घरी थांबले. दुसरे दोघं पुढं गेले. रस्ता रिकामा झाला तरी अव्वा उभीच. शेवटी संघाबरोबर राहणाऱ्या एक वयस्कर ब्रह्मचारिणीबाई आल्या. "आवरा, आई," त्या हळू म्हणाल्या. "क्षुल्लकजींचा आज उपवास आहे. काल सभेत संसारातलं बोलले, म्हणून त्यांनी गुरूंकडून प्रायश्चित्त मागून घेतलं. स्वतः मागितलं." उपवास म्हणजे पाणीसुद्धा नाही. काल एकदा जेवलेला माणूस आता उद्याच जेवणार.

त्या गेल्या. अव्वा माझ्याकडं वळली. काल ती मांडवात नव्हती, जमीन धूत होती. मला वाटलं आता ही माझं काही ठेवणार नाही, आणि खरं सांगते, मला वाईट वाटत नव्हतं, राग येत होता. एका वाक्यासाठी कसला उपवास? बहिणीला चार शब्द सांगितले तर कुठला धर्म बुडतो? तोंडावर आलं होतं सगळं.

"तुझ्याशी बोलला?" अव्वानं विचारलं.

"व्हय."

"काय बोलला?"

"डब्याचं सांगितलं. त्याची बॉडी पॉझिटिव्ह हाय म्हणाला."

"आणि?"

"वेगळा सेल ठेव म्हणाला. उघडू नकोस म्हणाला."

ती कलश तसाच धरून होती. "डबा म्हणजे आपला पानडबा? माश्यांचा?"

"तोच."

"म्हणजे त्याला ध्यानात हाय की गं," अव्वा म्हणाली. कलश तिनं उंबऱ्यावर ठेवला आणि खाली बसली, आणि दीक्षेच्या दिवसापासून साठलेलं सगळं रडली. मंडप नव्हता, बायका नव्हत्या, धन्य म्हणायला कुणी नव्हतं. माझा राग कुठं गेला कळलं नाही. मीही तिच्याशेजारी बसले. मग तिनं तोंड धुतलं आणि त्याच्यासाठी मांडलेल्या पाटावर मला बसवलं. खीर, पोळ्या, सगळं वाढलं. "जेव," म्हणाली. ती स्वतः जेवली नाही. त्याचा उपवास तो माझा, म्हणाली. ती समोर बसून बघत होती म्हणून मी सगळं संपवलं.

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. हातकणंगले गेलं, ऊस लागला. "परत सांग," ती म्हणाली. मी सांगितलं. थोड्या वेळानं, "बॉडी काय म्हणालीस?" पॉझिटिव्ह, अव्वा. "पॉझिटिव्ह," ती स्वतःशी म्हणाली. तिला अधिक-वजा काही कळत नव्हतं, पण कोल्हापूर येईपर्यंत तिनं ते स्तोत्रासारखं पाठ केलं. घरी आल्यावर आप्पांना तिनंच सांगितलं, एकही शब्द न चुकवता. आप्पा ऐकून उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी अडतीवरून येताना त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चौकोनी सेल काढून शिडीच्या पायरीवर ठेवला. कुणी मागितला नव्हता. पुढं ते होते तोवर त्या पायरीवर कधी सेल कमी पडला नाही.

गारगोटीला निळी पेटी एलिमिनेटरवर आणि पानडबा आपल्या सेलवर. मधली वायर घातली आणि दोघंही बोलली. विलासनं एलिमिनेटरला हात लावून बघितलं, गार होता. "कुणी सांगितलं गं तुला?" त्यानं विचारलं. "घरच्या माणसानं," मी म्हटलं. मैदान भरलेलं होतं, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि मी खाली डब्याकडं बघत वाजवत होते. इतक्या लोकांत इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. चातुर्मास संपला नव्हता, तो तेव्हा त्याच गावात फळीवर झोपला असेल, नाही तर आकाशाखाली डोळे मिटून बसला असेल. त्याला परत कधी काही विचारायचं नाही, हे मी त्या गाण्यातच ठरवून टाकलं. विचारलं तर तो सांगेल आणि उपाशी राहील. पुढं तो मुनी झाला, उत्तरेकडं गेला. दोन-चारदा दुरून दर्शन झालं. आमच्यात परत शब्द झाला नाही. अव्वाच्या चौक्यात तो कधीच थांबला नाही.

अव्वा पुष्कळ जगली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनात. मला ती तिच्या चिकोडीच्या बहिणीच्या नावानं हाक मारायची, आप्पा जाऊन किती वर्षं झाली तरी ते जेवले का विचारायची. दिवस मावळायच्या आत तिला भरवलं की परत ती लांब संध्याकाळ उरायची. मग मी तिच्या खाटेशेजारी गिटार घेऊन बसायची. पितळी डबा समोर ठेवून वायर खुपसली की तिचे डोळे उघडायचे.

"सेल वेगळा हाय न्हवं?" ती विचारायची.

"हाय, अव्वा."

"उघडला न्हाईस न्हवं?"

"न्हाय."

"मग वाजव," ती म्हणायची.